गाडी थांबवायची कुठे?

२८ फेब्रुवारी २०१८. सकाळी ब्रिटनच्या हवामान खात्यानं मध्य स्कॉटलंडसाठी बर्फाचा लाल इशारा काढला. दुपारी तीनपासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत. पिवळा, अंबर, लाल ही आजची पद्धत आल्यापासून स्कॉटलंडला बर्फासाठी मिळालेला तो पहिला लाल इशारा होता. त्या संध्याकाळी ग्लासगो आणि स्टर्लिंग यांच्यामधल्या एम-८० महामार्गावर सुमारे हजार गाड्या अडकल्या. रांग आठ मैलांच्या आसपास लांबली. कित्येकांनी रात्र गाडीतच काढली, आणि आसपासच्या वस्त्यांतले लोक बर्फ तुडवत चहा, सूप, पांघरुणं घेऊन त्यांच्यापर्यंत पोचले. तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी जाहीर सवाल केला, की लाल इशारा असताना एवढ्या लॉऱ्या रस्त्यावर आल्याच कशा? मालवाहतूकदारांच्या रोड हॉलेज असोसिएशनला तो सवाल झोंबला. आमचे चालक तुमच्याच घरचं सामान वाहत होते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

तो वाद अजून मिटलेला नाही, आणि आमच्या घरात तर दर हिवाळ्यात नव्यानं पेटतो. माझी बायको स्टर्लिंगजवळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि धाकटा भाऊ आर्टिक चालवतो. आर्टिक म्हणजे पुढे युनिट आणि मागे जोडलेला लांब ट्रेलर. आम्ही मूळचे पेडण्याचे. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीवर ज्या अनेक गोंयकारांनी विलायत गाठली, त्यांतलेच. ऐकणाऱ्याला वाटेल, रस्त्यावर निघायची मुभा चालक मागत असेल आणि बंदी परिचारिका. आमच्याकडे नेमकं उलट आहे. दोघं एकमेकांना ज्या नावानं हाक मारतात, त्याच नावानं त्यांचं बोलणं इथे देतो.

भावजी: वहिनी, मला बंदी हवी आहे. सल्ला नको. "अगदी गरज असेल तरच बाहेर पडा" असं सरकार सांगतं. आता माझ्या ट्रेलरला सील असतं. आत काय आहे ते कागदावर असतं, तेही "मिश्र माल" एवढंच. त्यात कुणाची औषधं आहेत की बागेतल्या खुर्च्या, मला काय ठाऊक? गरज कुणाची, हे मी कसं ठरवणार?

वहिनी: तुम्ही ठरवू नका. पण बंदी घातली की ठरवणारा दुसरा कुणीतरी असतो, आणि त्याला तर माझा वॉर्डही माहीत नसतो. रुग्णालय म्हणजे डॉक्टर आणि खाटा नव्हेत, भावजी. धुतलेल्या चादरी बाहेरून येतात, जेवण बाहेरून येतं, सलाइनचे खोके, डायलिसिसचं द्रावण, सगळं लॉरीनं. ऑक्सिजनची टाकी मागच्या आवारात आहे. ती टँकर येऊन भरतो. २०१८च्या त्या बर्फात एक सर्जन बाई ग्लासगोहून सुमारे आठ मैल चालत पेझलीच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेला पोचल्या. सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, मीही केलं. पण माणूस आठ मैल चालू शकतो. चादरींचा ट्रॉली-पिंजरा चालू शकत नाही.

भावजी: मान्य. पण त्या रात्री एम-८०वर उभ्या राहिलेल्या लॉरीतल्या चादरीही पोचल्याच नाहीत ना? वर तिच्या मागे रुग्णवाहिका अडकली असेल तर?

वहिनी: मोटारीही होत्याच की अडकलेल्या. दोष सगळा लॉरीचा कसा?

भावजी: मोटार घसरली तर चार माणसं ती ढकलून कडेला लावतात. माझी गाडी आडवी झाली तर तीन लेन बंद. ती ओढायला क्रेन लागते, आणि क्रेन त्याच रस्त्यानं यायची असते.

इथे माझा भाऊ उठला आणि त्यानं ओट्यावरचा पोळपाट-लाटणं घेऊन सगळं समजावलं. त्यातलं जेवढं मला कळलं तेवढं मांडतो, कारण बर्फात लॉरी का अडते हे न कळता यावर मत देणं फुकाचं आहे. कायद्यानं इथे सहा अ‍ॅक्सलच्या आर्टिकला ४४ टनांपर्यंत परवानगी आहे. त्याच्या युनिटला तीन अ‍ॅक्सल, पण इंजिनाची ताकद त्यांतल्या एकाच अ‍ॅक्सलच्या चाकांना मिळते. त्या अ‍ॅक्सलवर कायद्यानं जास्तीत जास्त साडेदहा टन घालता येतात. म्हणजे ४४ टन ओढायचे, आणि रस्ता धरून ठेवणारं वजन जेमतेम चौथा हिस्सा. मधला अ‍ॅक्सल उचलून थोडं वजन मागच्या चाकांवर टाकता येतं, डिफ-लॉक लावता येतो. दाबलेल्या बर्फावर, चढावर, याही उपायांना मर्यादा येते. चाकं जागीच फिरतात, खालचा बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, आणि गाडी स्वतःसाठीच काच तयार करते. रिकामी गाडी असली तर वेगळीच भीती. उतारावर सवयीनं एक्झॉस्ट ब्रेक लागला की चालती चाकंच तेवढी आवळली जातात, मागून ट्रेलर रेटतो, युनिट वळतं, आणि दोन्ही भाग मधल्या जोडावर मिटून एकमेकांना येऊन भिडतात. वाऱ्याचा झोतही रिकाम्या ट्रेलरला आधी सरकवतो. त्याच्या शब्दांत सांगायचं तर, भरलेली चढावर अडते आणि रिकामी उतारावर फिरते.

वहिनी: मग नांगर आधी फिरवा, मीठ आधी टाका. गाड्या बंद का करता?

भावजी: टाकतात की. स्कॉटलंडच्या मुख्य रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या दोनशेहून अधिक गाड्या आहेत.

वहिनी: आणि त्या मिठावरून गाड्या गेल्या तरच ते कामाला येतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. चाकांखाली चुरडलं गेलं, बर्फात मिसळलं, की मगच ते वितळवतं. रस्ता रिकामा ठेवलात तर मीठ वर पडून राहील आणि खाली बर्फ साचेल. शिवाय ते मीठ तरी कुठून येतं? चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून. लॉरीनं.

हा तिचा मुद्दा खरा आहे आणि बंदीची मागणी करणाऱ्यांनी तो टाळून चालणार नाही. रहदारी हीसुद्धा रस्ता उघडा ठेवण्याच्या यंत्रणेचाच भाग असते. पण त्याला एक हद्द आहे. तासाला चार-पाच सेंटिमीटर बर्फ पडायला लागला की मिठाचं काही चालत नाही, नांगरच फिरावा लागतो, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आणि आडव्या पडलेल्या एका ट्रेलरच्या पलीकडे नांगर जाऊ शकत नाही. डिसेंबर २०१०मध्ये एम-८वर हेच झालं. ग्लासगो आणि एडिंबरो या दोन मोठ्या शहरांमधला रस्ता, आणि त्यावर शेकडो लोक रात्रभर गाडीत. परिवहनमंत्री स्टुअर्ट स्टीव्हन्सन यांना त्याच आठवड्यात राजीनामा द्यावा लागला. मंत्री गेले. लाल इशाऱ्यात ४४ टनांच्या गाडीनं काय करायचं, हा प्रश्न मात्र जागच्या जागी राहिला, आणि सात वर्षांनी एम-८०वर पुन्हा तोच समोर आला.

भावजी: वहिनी, वाऱ्याच्या बाबतीत हा देश असा घोळ घालत नाही. जुन्या फोर्थ रोड ब्रिजवर वारा ठरावीक वेगापुढे गेला की उंच गाड्यांना बंदी असायची. पाटी लागली की संपलं. "गरज आहे का?" असं कुणी विचारत नसे. जानेवारी २०१७मध्ये बंदी असताना एक लॉरी पुलावर शिरली आणि उलटली. पूल दिवसभर बंद राहिला आणि चालक कोर्टात दोषी ठरला. वाऱ्यात जे चालतं ते बर्फात का नाही?

वहिनी: कारण पुलाच्या अलीकडे थांबता येतं! पूल म्हणजे एक जागा. लाल इशारा पडतो तो अख्ख्या मध्य पट्ट्यावर. तीन वाजता बंदी लागू झाली आणि तुम्ही आत आहात. कुठे थांबणार? सांगा ना, गाडी कुठे उभी करणार?

भावजी थोडा वेळ गप्प बसला. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथेच आहे, आणि दोन्ही बाजूंचे पुढारी त्यावर सगळ्यात कमी बोलतात.

२०१८चंच वेळापत्रक मांडून पाहा. इंग्लंडच्या मध्यभागी डॅव्हेंट्रीच्या परिसरात मोठमोठी गोदामं आहेत. तिथून सकाळी आठला निघालेली लॉरी मध्य स्कॉटलंडला पोचायला सुमारे तीनशे मैल. वेगनियंत्रक तिला ताशी ५६ मैलांच्या पुढे जाऊ देत नाही. साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विश्रांती सक्तीची. म्हणजे लाल इशारा सकाळी निघाला तेव्हा ती चेशर-लँकेशरच्या आसपास असणार, आणि इशारा लागू होईल त्या वेळेला बरोबर बर्फाच्या तोंडाशी. वाटेत एम-६वर शॅपचा चढ, पुढे एम-७४वर बीटॉकचा. दोन्हींचे माथे समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर. ही लॉरी कुणी बेपर्वाईनं बाहेर काढलेली नाही. निघाली तेव्हा फक्त अंबर होता. तिला वाटेत गाठून "पुढे जाऊ नकोस, अमुक ठिकाणी तुझी जागा राखली आहे" असं सांगणारं कुणी नव्हतं.

भावजी: जागा नाहीत असं नाही. ग्रेटना आहे, लॉकरबीला लॉरी पार्क आहे, अ‍ॅबिंग्टन आहे. पण साध्या रात्रीसुद्धा आठनंतर तिथे जागा मिळत नाही. आम्ही लोक मग स्लिप रोडवर लावतो, ले-बायमध्ये लावतो. बंदी आली तर कडेची पट्टीच भरेल.

वहिनी: म्हणजे माझंच म्हणणं खरं. बंदी लावून गाड्या रस्त्यावरून जाणार नाहीत, फक्त थांबतील, आणि तेही नको तिथे.

भावजी: जागा करता येते, वहिनी. केंटमध्ये करतात. डोव्हरचं बंदर अडलं की ऑपरेशन स्टॅक लावत. आता ऑपरेशन ब्रॉक. एम-२० महामार्गाचा एक भागच लॉऱ्यांसाठी राखून ठेवतात. बंदरासाठी जमतं ते बर्फासाठी का जमू नये?

वहिनी: २०१५च्या उन्हाळ्यात त्याच एम-२०वर हजारो चालक अडकले होते, ना धड पाणी, ना संडास. तेही उन्हाळ्यात. तुम्हाला फेब्रुवारीत तसं उभं करायचं आहे?

ती भावजींची काळजी करत होती आणि वादही घालत होती. तिला दोन्ही एका दमात जमतं.

इतर देशांकडे पाहिलं तर उत्तरं आहेत. फ्रान्समध्ये जिल्ह्याच्या प्रीफेक्टला अधिकार आहे: बर्फाचा अंदाज आला की साडेसात टनांवरच्या गाड्यांना रस्ता बंद, आणि त्यांना ठरलेल्या जागी उभं करायचं. ६ फेब्रुवारी २०१८ला, म्हणजे एम-८०च्या तीन आठवडे आधी, पॅरिसभोवती बर्फ पडला तेव्हा तिथेही फजिती झाली. एन-११८ रस्त्यावर लोकांनी रात्र काढली, आणि पॅरिसच्या प्रदेशात कोंडीची एकूण लांबी ७३९ किलोमीटरवर गेली. अधिकार हातात होता, तरी तो वेळेवर वापरला नाही तर काय होतं ते दिसलं. जर्मनीत धोकादायक माल नेणाऱ्या गाडीला नियमच आहे: दृष्टी ५० मीटरच्या खाली गेली किंवा रस्ता बर्फानं निसरडा झाला, तर इतरांना धोका होणार नाही असं वागायचं, आणि गरज पडली तर जवळच्या सोयीच्या जागी थांबायचं. हा नियम चालकाला आधार देतो. मालकाचा फोन आला तर तो कायद्याकडे बोट दाखवू शकतो.

भावजींच्या मागणीचा खरा गाभा हाच आहे. तो एजन्सीतर्फे काम करतो. फेरी झाली तर पैसे. नाही झाली तर नाही.

भावजी: समोर धोका दिसत असेल तर काम सोडून जायचा हक्क १९९६च्या कायद्यात आहे. २०२१पासून तो आमच्यासारख्यांनाही लागू आहे. कागदावर. मी सकाळी पाचला फोन करून म्हटलं की आज निघत नाही, तर कुणी मला काढणार नाही. फक्त पुढच्या आठवड्यात फोन येणार नाही. म्हणून म्हणतो, बंदी घाला. बंदी असली की मालकही मोकळा, मीही मोकळा. त्याच्याही मागे सुपरमार्केटवाले असतात ना, माल वेळेत आला नाही तर दंड लावणारे.

वहिनी: आणि बंदीच्या दिवसाचा पगार कोण देणार?

भावजी: तो प्रश्न आहेच.

वहिनी: तो प्रश्न आहेच असं म्हणून कसं चालेल? तुमची बायको महिन्याच्या शेवटी घरभाडं त्याच पगारातून देते.

या जागी मी वादात पडलो. मी म्हटलं, आपल्याकडे चवथीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते. दरवर्षी आदेश निघतो, त्यात तारखा असतात, टनांची मर्यादा असते, आणि खाली सवलतीची यादी असते: दूध, पेट्रोल-डिझेल, गॅस, औषधं, भाजीपाला. लोक कुरकुरतात, पण यंत्रणा चालते. इथल्या लाल इशाऱ्याला तशीच यादी का जोडू नये?

वहिनी: अहो, चवथ कधी येणार ते पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं. बर्फाचं पंचांग कुठे आहे?

भावजी: तसं नाही हं वहिनी. २०१८ची थंडी येणार हे फेब्रुवारीच्या मध्यालाच दिसत होतं. ध्रुवाच्या वरची हवा अचानक तापली, वारे उलटे फिरले, आणि दोन आठवड्यांत सैबेरियाची हवा इकडे येणार असा अंदाज होता. कुठल्या रस्त्यावर किती बर्फ, एवढंच शेवटच्या काही तासांत कळतं.

वहिनी: मग त्या दोन आठवड्यांत माझा वॉर्ड भरून ठेवा. चादरी, सलाइन, ऑक्सिजन. ते झालं असेल तर मला तीन वाजता लॉरी लागणार नाही. आणि शेतावरचं दूध? त्या आठवड्यात टँकर पोचले नाहीत म्हणून गोठेवाल्यांनी दूध गटारात ओतलं. गाय थांबत नाही, भावजी. तिला सकाळ-संध्याकाळ पिळावंच लागतं.

मी कुणाच्या बाजूचा, हे न सांगता उठणं बरं नव्हे. मी भावजींच्या बाजूचा आहे. लाल इशाऱ्यात बंदी असावी, आणि ती कायद्याची असावी. एका चालकानं पहाटे पाचला अंधारात, पगार आणि जीव यांची तुलना करत, हजार लोकांच्या रात्रीचा निर्णय घ्यावा, ही व्यवस्था मला मान्य नाही. पण ही नुसती तीन वाजताची मनाई असून चालणार नाही. ती अंबरपासून सुरू व्हावी: अंबर लागला की ज्या मालाला घाई नाही तो गोदामातच राहील, आणि वाटेत असलेल्या प्रत्येक गाडीला सीमेच्या अलीकडे राखून ठेवलेली जागा, शौचालय आणि गरम जेवण मिळेल. त्या दिवसाची मजुरी माल पाठवणाऱ्यानं द्यावी, कारण माल थांबला तर नुकसान त्याचं, आणि गाडी आडवी झाली तर नुकसान सगळ्यांचं. सवलतीच्या यादीत काय असावं हे एडिंबरोच्या कचेरीनं एकटीनं ठरवू नये. रुग्णालयाच्या भांडारात काम करणाऱ्यांना विचारावं, गोठेवाल्यांना विचारावं. ही शेवटची अट माझ्या बायकोची आहे, आणि तिच्यावाचून ही बंदी टिकणार नाही.

वहिनी: आणि सवलतीच्या गाड्या? त्या तर निघणारच. मग त्या आडव्या होणार नाहीत कशावरून?

भावजी: एकटी गाडी सोडायचीच नाही. पुढे नांगर, मागे चार-पाच गाड्या, ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या रस्त्यानं. आणि टायर. ऑस्ट्रियात साडेतीन टनांवरच्या गाडीला १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी टायर सक्तीचे, साखळ्याही जवळ ठेवाव्या लागतात. ब्रिटनमध्ये अशी सक्तीच नाही. ज्याला सवलतीची खेप घ्यायची आहे त्यानं आधी टायर बदलावेत.

वहिनी: तशी गाडी दिली तर तुम्ही न्याल?

भावजी: नेईन.

वहिनी: ऑक्सिजनचा टँकर?

भावजी: त्याला वेगळं प्रमाणपत्र लागतं, धोकादायक मालाचं. ते माझ्याकडे नाही. दुधाला लागत नाही. दूध मी आणीन.